दुरुस्तीला गेलेली गिटार

माझ्याकडे चार गिटारी आहेत आणि चारही मांडीवर आडव्या ठेवून वाजवायच्या आहेत. हे आधीच सांगते, कारण गिटार म्हटलं की लोक मनातल्या मनात माझ्या गळ्यात पट्टा अडकवून मला उभी करतात. हिला लॅप स्टील म्हणतात. आपल्याकडे जुने लोक हवाईयन गिटार म्हणायचे. फळीसारखी सपाट, तारा चांगल्या उंच ताणलेल्या, आणि डाव्या हातात बोटाएवढा पोलादी बार धरून तो तारांवरून सरकवायचा. माझ्या चारही गिटारींना वरपासून खालपर्यंत मोतिया प्लास्टिक चिकटवलेलं आहे, जुन्या शाईपेनांना असायचं तसलं. उजेडात फिरवलं की आतल्या आत ढग हलतात. गिटारवाले त्याला संडासाच्या सीटचा मोती म्हणून हिणवतात. हिणवोत. त्यांच्याकडे नाही म्हणून हिणवतात.

कायझर्सलाउटर्नला आलो तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी इथल्या एका संशोधन संस्थेत, नवरा सॉफ्टवेअर कंपनीत, मुलगी इथलीच. गावाला लागून अमेरिकन सैनिकांची मोठी वस्ती आहे. बदली झाली की ते अर्धं घर मागे सोडून जातात आणि ते सामान वर्षानुवर्षं फिरत शेवटी शनिवारच्या फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, येऊन पडतं. पहिली गिटार मला तिथे वाफल भाजायच्या यंत्राखाली सापडली. पांढरी, म्हातारपणी पिवळी पडलेली. पुढच्या दोन अशाच मिळाल्या.

चौथी राखाडी. तिची गोष्ट वेगळी. ती आमच्याच गल्लीतल्या एका जर्मन आजींकडे होती, त्यांच्या गेलेल्या नवऱ्याची. तिच्या जोडीला तशाच मोतिया कातडीचा छोटा अँप्लिफायरही होता. तिच्यावर आणखी एका माणसाचा डोळा होता. मोठी व्हॅन घेऊन यायचा, फुलं आणायचा. मी वर्षभर आजींचे पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट तिसऱ्या मजल्यावर चढवले. प्रेमापोटी, असं समजायचं असेल तर समजा. त्या माणसाला फुलं आणताना बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी आजींनी गिटार मला दिली आणि मी आठ दिवस हवेत होते.

अकॉर्डियन दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री गावात आहेत. माझ्या गिटारी तेच बघतात, कारण जुन्या अकॉर्डियनवरही हेच मोतिया प्लास्टिक असतं. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "हे सेल्युलॉइड आहे. कोंडून ठेवलं की कुजतं. घराला ल्युफ्टन करता ना, तसं यालाही करायचं." ल्युफ्टन म्हणजे सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडून घरात वारं घेणं. इथे ते भाड्याच्या करारातसुद्धा लिहिलेलं असतं. मी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत मान डोलावली आणि घरी येऊन चारही गिटारी दिवाणखान्याच्या भिंतीवर खुंट्यांना टांगल्या.

वाजवायला मी इंटरनेटवर बघून शिकले. सहा वर्षं, ऑफिसातून आल्यावर रोज अर्धा तास. या गिटारीला पडदे नसतात, नुसत्या रेघा आखलेल्या असतात. बार बरोबर रेघेवर ठेवायला मी शिकले होते, केसाइतकाही फरक नाही. तरी माझी अकरा वर्षांची मुलगी तिच्या खोलीचं दार लावून आतून ओरडायची, "मामा, बिट्टे लाइझर!" मामा म्हणजे इथे आई; हळू वाजव म्हणून. मराठी तिला सगळं कळतं. उत्तर जर्मनमध्येच येतं.

त्या फेब्रुवारीत सासूबाई आल्या. मुलगी झाली तेव्हा आल्या होत्या, त्यानंतर सासऱ्यांच्या आजारपणात अडकल्या. आता सासरे गेले, म्हणून नव्वद दिवसांच्या व्हिसावर आल्या. बॅगेत लोणचं, शेंगदाण्याची चटणी आणि डांबराच्या गोळ्यांची दोन पाकिटं. या गोळ्यांवर त्यांची फार श्रद्धा. इथे त्या मिळत नाहीत हे कळल्यावर तर त्यांना आपण अगदी वेळेवर धावून आलो असं वाटलं. आठ दिवसांत कपाटात, पलंगाखाली, लोकरीच्या टोप्यांत, सगळीकडे गोळ्या. मुलीच्या जॅकेटला इतका वास यायला लागला की तिच्या मैत्रिणी बसमध्ये लांब बसायला लागल्या. मी हसून म्हटलं, "आई, आता आम्हालाही एकेक गोळी बांधा." त्या म्हणाल्या, "हस. वस्तू टिकली की आठवण काढशील."

दहाव्या-बाराव्या दिवशी मी लवकर घरी आले. जिन्यातच आवाज ऐकू आला. मला वाटलं नवऱ्याने काही लावलंय. दार उघडलं तर सासूबाई गालिच्यावर मांडी घालून बसलेल्या, राखाडी गिटार मांडीवर, आणि नजर चक्क खिडकीबाहेर, शेजारच्यांच्या मांजराकडे. रेघांकडे बघतही नव्हत्या. बार तारांवरून जात होता आणि सूर एकातून दुसऱ्यात असा उतरत होता की मी बूटही न काढता उभी राहिले.

"तुम्हाला येतं?"

"येतं कसलं गं. सोलापूरला कॉलेजात असताना बँकेतले एक मास्तर संध्याकाळी शिकवायचे. तेव्हा टायपिंगपण शिकले होते. लग्न झालं, दोन्ही राहिलं."

नवऱ्याला याचा पत्ता नव्हता. त्याने कौतुकाने डोक्याला हात लावला. मलाही कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सहा वर्षं मी घासतेय, बोटांना घट्टे पडलेत, आणि या बाईंनी पन्नास वर्षांनी हात लावला तर गिटार त्यांच्याशी बोलायला लागली. माझ्याशी ती कायम कामापुरतं बोलली होती.

खरा घाव पुढे बसला. खोलीचं दार उघडलं, मुलगी बाहेर आली, आजीच्या गुडघ्याला टेकून बसली आणि म्हणाली, "आजी, नोख माल!" आणखी एकदा वाजव म्हणून. माझ्या वाट्याला सहा वर्षांत लाइझर आलं होतं.

मग हे रोजचंच झालं. मी ऑफिसातून यायची तेव्हा दोघींची मैफल रंगात आलेली असायची. मी गिटार घेतली की सासूबाई डोळे मिटून ऐकायच्या, आणि ते तर मला फारच झोंबायचं. एकदा हळूच म्हणाल्या, "तू रेघ बघतेस. सूर रेघेवर नसतो, जरा अलीकडे-पलीकडे असतो. कानाला विचार." त्या चांगल्या मनाने म्हणाल्या. मी भांडी घासायला निघून गेले आणि एक कप फोडला.

एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम असतो. आसपासच्या गावांतली आपली माणसं मिळून एक हॉल घेतात. वंदना होते, भाषण होतं, मुलांचे नाच होतात, मग जेवण. त्या वर्षी मला दहा मिनिटं मिळाली होती. लोकांसमोर मी कधीच वाजवलं नव्हतं. एकच गीत चार महिने घोटत होते, त्या राखाडी गिटारीवर. मुलीने समोर बसून ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. बाकीच्यांनी जेवणाच्या रांगेत उभं राहिलं असतं तरी चाललं असतं.

माझ्या नवऱ्याला नको तिथे कौतुक उतू जातं. त्याने आईच्या वाजवण्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यक्रमाचं बघणाऱ्या दादांचा फोन आला. स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकलं. "ताई, आता आईच वाजवू देत ना. तुम्ही काय, पुढच्या वर्षी आहातच."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "छे छे. तो तिचा कार्यक्रम आहे." आणि त्यांचा तो मोठेपणा मला सहन झाला नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "नाही, तुम्हीच वाजवा. माझा खांदा धरलाय." खांदा ठणठणीत होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "बरं. गरम पाण्याने शेक."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आंघोळीला गेल्या तेव्हा मी राखाडी गिटार खुंटीवरून काढली. चादरीत गुंडाळली, कचऱ्याच्या मोठ्या निळ्या पिशवीत घातली, तोंडाला चिकटपट्टी लावली आणि खाली केलरमध्ये नेली. केलर म्हणजे तळघर, प्रत्येक बिऱ्हाडाची लाकडी पट्ट्यांची एक कोंदट खोली. आमची अगदी हीटिंगच्या खोलीला लागून. मोडक्या इस्त्रीच्या टेबलामागे मी ती उभी केली. वाजवायचं असेल तर वाजवा, पण माझ्या राखाडीवर नाही. असा माझा न्याय होता.

चहा घेताना सासूबाईंची नजर रिकाम्या खुंटीवर गेली. "राखाडी कुठे गं?"

"दुरुस्तीला दिली. खरखर येत होती."

"हो का? मला नाही आली."

"बारीक होती."

"असेल बाई. मी म्हणणार होते, त्या दिवशी ती देशील का म्हणून. गोड आवाज आहे तिचा." त्यांनी चहात पोळी बुडवली. "असू दे. पांढरी काय वाईट आहे?"

पांढरी वाईटच होती. तिची तिसरी तार करकरते आणि आवाज मध्येच बसतो. हॉलमध्ये मी तिसऱ्या रांगेत, घडीच्या खुर्चीवर, खांद्याला शाल लपेटून बसले. नाटक केलं की ते निभवावंही लागतं. सासूबाई स्टेजवर गेल्या, माईकसमोर म्हणाल्या, "ही माझ्या सुनेची गिटार. पन्नास वर्षांनी तिच्यामुळे हातात आली," आणि वाजवायला लागल्या. करकरणारी तार त्यांनी सरळ टाळली. माझी मुलगी अँप्लिफायरसमोर माईक धरून उभी होती, तोंड उघडं. जेवणाच्या रांगेतले लोक ताटं घेऊन परत आत आले. शेवटी सगळे उभे राहिले. मीही राहिले, बसून राहिले असते तर दिसलं असतं. लोक मला येऊन सांगत होते की तुम्ही किती नशीबवान. मी हसून हो हो म्हणत होते आणि मला रडू येत होतं.

मे महिन्यात त्या परत गेल्या. जायच्या आदल्या दिवशी मी ऑफिसातून आले तर त्यांच्या दोन्ही मोठ्या बॅगा खोलीत. "आई आणि पोरगी केलरमधून स्वतःच घेऊन आल्या," नवरा म्हणाला. काहीतरी निमित्त काढून खाली गेले. निळी पिशवी टेबलामागे जशीच्या तशी होती, तोंडाला चिकटपट्टी. जीव भांड्यात पडला. विमानतळावर त्यांनी माझा खांदा दाबला आणि विचारलं, "बरा आहे ना आता?"

त्या गेल्यावर लगेच गिटार वर आणायला काय हरकत होती? काहीच नाही. दुरुस्तीहून आली म्हटलं की झालं. पण नवऱ्याने लगेच फोटो काढून आईला पाठवला असता, त्यांनी विचारलं असतं, काय बिघडलं होतं गं, आणि मला आणखी एक खोटं रचावं लागलं असतं. उद्या आणू, रविवारी आणू, असं करत उन्हाळा गेला. मी पांढरीवर वाजवत राहिले. मुलगी दार लावत राहिली. कधीकधी विचारायची, आजी कधी येणार, आणि मला पुन्हा पोटशूळ उठायचा.

ऑक्टोबरात इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने जिन्यात कागद लावला, की पाइप बदलायचे आहेत, केलर रिकामं करा. मी पिशवी वर आणली. घरात कोणी नव्हतं. चिकटपट्टी काढताना लक्षात आलं की ती मी लावली होती त्यापेक्षा फार नीट लावलेली आहे, कोपरे दुमडून, पुढच्याला सोडवायला सोपं जावं अशी. पिशवी उघडली आणि डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला.

आत माझी चादर नव्हती. म्हणजे होती, घडी करून तळाशी. गिटार गुंडाळली होती सासूबाईंच्या जुन्या मऊ सोलापुरी साडीत, बारीक चौकड्याच्या, त्या घरात नेसायच्या तिच्यात. साडीच्या चार घड्यांत चार गाठी, प्रत्येक गाठीत एकेक गोळी, आता वाटाण्याएवढी झालेली. मी जमिनीवर बसले. त्यांना मे महिन्यापासून माहीत होतं. माझ्या खांद्याची चौकशी करताना माहीत होतं.

साडी सोडवायला गेले तर ती सुटेना. गोळ्यांनी मोती मऊ पडला होता, त्यात कोंडलेली हवा, त्यात शेजारी हीटिंग. ओढून काढली तर सबंध गिटारीवर साडीचे चौकडे उठलेले, एकेक धागा मोजता येईल असे. कडा वळल्या होत्या, स्क्रू हिरवे पडले होते. आतले ढग कुठेच नव्हते.

मिस्त्रींनी अंगठा फिरवून बघितलं. "आवाजाला काही झालेलं नाही. हे मात्र जात नाही आता." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "मी सांगितलं होतं. ल्युफ्टन." मी मनातल्या मनात दोष वाटून पाहिला. पिशवी माझी, गोळ्या त्यांच्या. अर्धा अर्धा. रस्ताभर तेच करत आले, पण वाटणी काही जमेना, कारण त्यांच्या चार गोळ्या वस्तू टिकावी म्हणून होत्या.

रविवारी नेहमीप्रमाणे व्हिडिओ कॉल आला. नवरा बाजारात गेला होता, मी एकटीच होते. राखाडी मागे खुंटीवर होती. सासूबाईंना ती दिसली.

"आली का गं दुरुस्तीहून?" त्यांनी अगदी सरळ चेहऱ्याने विचारलं. माझंच खोटं त्यांनी सहा महिने नीट जपून ठेवलं होतं आणि आता मला वापरायला दिलं.

"आली, आई."

"बघू. जवळ आण."

मला आणायची नव्हती. पण आणली. कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांनी चष्मा घातला, फोन डोळ्यांजवळ नेला, आणि बराच वेळ मला नुसतं त्यांचं कपाळ दिसत राहिलं.

"हे चौकडे माझ्या साडीचे."

मी गिटार जरा खाली घेतली.

"माझ्या गोळ्यांनी झालं?"

"नाही हो आई. जुनी वस्तू. तशीही होणारच होती." या वेळी मी स्वतःसाठी खोटं बोलत नव्हते. पण तेही मला नीट जमलं नाही, आवाज फुटला. त्या सहा महिने गप्प राहिल्या होत्या आणि मला सहा शब्द धड बोलता येईनात. त्याचाही मला हेवा वाटला.

"चारच टाकल्या होत्या गं," त्या हळू म्हणाल्या. "जास्त नको म्हटलं. मला वाटलं, मी विमानात बसले की तू लगेच काढशील."

मी गिटारीत तोंड लपवून रडले. तिला अजून तोच वास येत होता. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "वाजते ना पण? मग वाजव. ते गीत वाजव, तुझं राहिलेलं."

मी फोन अँप्लिफायरला टेकवून ठेवला, बार घेतला आणि रेघ शोधायला लागले. चौकड्यांत रेघाच दिसत नव्हत्या. "अलीकडे," फोनमधून आवाज आला, "आणखी थोडं. हां. आता थांब तिथेच." मी थांबले. तो सूर माझ्या हातून आजवर कधी निघाला नव्हता.

खोलीचं दार उघडलं. मुलगी बाहेर आली, मांडी घालून बसली, हनुवटी हातावर टेकवून. मी वाजवत राहिले, गीत संपेपर्यंत. ती हललीसुद्धा नाही. एकदाही लाइझर म्हणाली नाही.

पण ती बसली होती फोनशेजारी, आजीजवळ.